यामाहा वायएचआर-५६७डी: सुट्या बेलचा हॉर्न सीझनला कितपत साथ देतो

हॉर्न घेताना लोक दुकानात बसून आवाज ऐकतात, आणि ते बरोबरच आहे. पण कॉन्सर्टचा सीझन सुरू झाला की वेगळेच प्रश्न समोर येतात. वाद्य जिन्यावरून नेताना कठड्याला आपटतं का? विमानाच्या वरच्या कप्प्यात मावतं का? सकाळी शिकवणी, दुपारी तालीम आणि रात्री कॉन्सर्ट असेल तर रोटर (फुंकेची वाट वळवणारे फिरते व्हॉल्व्ह) दिवसभर टिकतात का? यामाहाचं ५६७डी हे मॉडेल इथे त्याच बाजूने पाहिलं आहे. हॉर्न म्हणजे अर्थात फ्रेंच हॉर्न, बेलमध्ये, म्हणजे पसरट तोंडात, उजवा हात घालून वाजवायचा तो. लग्नाच्या बँडमधली वाद्यं वेगळी, त्यांचं दुखणंही वेगळं.

आधी वाद्य काय आहे ते. हा पूर्ण डबल हॉर्न आहे, एफ आणि बी फ्लॅट अशा दोन बाजूंचा. एफ बाजूची नळी सुमारे ३.७ मीटर लांबीची, बी फ्लॅटची सुमारे २.७५ मीटर. अंगठ्याचा व्हॉल्व्ह दाबला की फुंक एका नळीतून दुसरीत जाते. बोअर (नळीचा आतला व्यास) १२ मिलिमीटर, बेल पिवळ्या पितळेची, नळ्यांची मांडणी गायर पद्धतीची. या मांडणीत अंगठ्याचा व्हॉल्व्ह बाकीच्या तिघांच्या रांगेच्या पुढे बसतो आणि वळणं मोकळी राहतात. फुंक कुठे अडखळत नाही, स्वर चटकन उघडतो. रोटर चार, आणि खटके (बोटांनी दाबायच्या पट्ट्या) दोरीने जोडलेले. नावातला 'डी' म्हणजे बेल आटे फिरवून सुटी होते.

सीझनसाठी हा 'डी' फार महत्त्वाचा आहे. सलग बेलच्या हॉर्नची केस अवजड आणि आडनिडी असते. टॅक्सीच्या मागच्या सीटवर ती एका माणसाची जागा खाते. विमानात कर्मचारी तिच्याकडे पाहून मान हलवतात आणि वाद्य खाली सामानात जातं. खाली गेलेल्या वाद्याची बेल दुमडून येणं ही हॉर्नवाल्यांच्या जगात मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही. बेल काढली की उरलेलं अंग चपट्या केसमध्ये बसतं आणि साधारण मोठ्या लॅपटॉप बॅगेसारखं खांद्यावर अडकवता येतं.

आता आट्यांबद्दल. या हॉर्नवर नवशिके सर्वांत जास्त नुकसान करतात ते इथेच. बेलच्या कड्यावरचे आटे बारीक असतात. बेल तिरकी धरून जोर लावला की एक आटा दुसऱ्यावर चढतो, आणि एकदा चढला की पितळ खाल्लं जातं. पद्धत अशी: हॉर्नचं अंग मांडीवर स्थिर ठेवायचं, बेल दोन्ही हातांनी कडेला धरायची आणि कडं कड्यावर सपाट टेकवायचं. आधी उलट, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेला हळू फिरवायचं. एका ठिकाणी बेल अगदी किंचित खाली बसल्याचं बोटांना कळतं, बारीकसा 'टक' येतो. तिथून सरळ दिशेने फिरवायला सुरुवात करायची. पहिल्या पाऊण फेरीत जराही अडलं तर थांबा, पूर्ण काढा, पुन्हा टेकवा. शेवटी बेताचाच घट्टपणा हवा. पिळून घट्ट केलेली बेल एसी हॉलमधून बाहेर उकाड्यात आल्यावर सुटेनाशी होते, मग माणूस बेलच्या पातळ कडेला धरून ताकद लावतो आणि कड वाकवतो. अडकलीच तर रबरी हातमोजे घाला, पकड कड्याजवळच ठेवा.

आटे कोरड्या मऊ ब्रशने झाडायचे, जुना टूथब्रश पुरतो. आठवड्यातून एकदा पुरे, पण किनाऱ्यावरच्या शहरात असाल तर प्रत्येक प्रवासानंतर. ग्रीस लावायचं नाही. ग्रीसला धूळ चिकटते आणि महिनाभरात आट्यांमध्ये चक्क पॉलिश पेपर तयार होतो. बेल जमिनीवर, आट्यांवर टेकवून ठेवायची नाही, हे तर सांगायलाच नको. तरीही बॅकस्टेजला रोज कुणीतरी ठेवतंच. एकदा कडं लंबगोल झालं की आटे शाबूत असूनही बसत नाहीत, आणि ते गोल करणं मँड्रेलवरचं (गोल साच्यावरचं) काम आहे, पक्कडीचं नव्हे.

कड्यामुळे आवाज बदलतो का, यावर वाद घालायला हॉर्नवाल्यांना कारण लागत नाही. कडं म्हणजे बेलच्या मानेवर वाढलेलं वजन. मोठ्या आवाजात स्वर जरा उशिरा फाटतो, हलक्या स्वरात उगवतीला किंचित जाडपणा येतो. समोर बसलेल्या श्रोत्याला तो कळेल असं वाटत नाही. शेजारच्या खुर्चीवरचा कदाचित ओळखेल.

दुसरी बेल लावण्याची मुभा हा कड्याचा वरकड फायदा. पिवळ्या पितळेऐवजी गोल्ड ब्रासची बेल लावली तर आवाज गडद होतो, जर्मन सिल्व्हरची लावली तर कड धारदार होते. मात्र कड्यांचे आटे सगळ्या कारखान्यांचे एकसारखे नसतात. अलेक्झांडर पद्धतीचं कडं आणि पॅक्समन पद्धतीचं कडं एकमेकांवर बसत नाहीत. सुटी बेल मागवण्याआधी आपल्या हॉर्नवर कोणतं कडं आहे याची लेखी खात्री करून घ्या.

केस या वाद्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि इथे पैसे वाचवू नयेत. हॉर्नचं स्वतःचं वजन अडीच किलोच्या आसपास असतं. देशांतर्गत इकॉनॉमीत हातातल्या बॅगेला बहुतेक कंपन्या ७ किलोची मर्यादा घालतात. जाड लाकडी केस, त्यात दोन म्यूट (आवाज दाबायला बेलमध्ये घालायची बुचं), नोटेशनची फाइल आणि मेट्रोनोम एवढं भरलं की काटा सहज पुढे जातो. म्हणून केसमध्ये फक्त हॉर्न, बेल, एक माउथपीस आणि फडकं. म्यूट, कागद वेगळ्या पिशवीत. माप तिकिटावर छापलेलं असतं, ते केसच्या चाकांसकट, हँडलसकट आणि बाहेरच्या खिशासकट मोजायचं. केसच्या आत बेल अंगाच्या वर येते. मध्ये जाड फोमचा पडदा नसेल तर बेलची कड खटक्यांवर घासते आणि पहिल्या मोठ्या प्रवासातच लॅकर उडतं. केस बंद करून हलक्या हाताने हलवून पाहा. आत खडखड ऐकू आली तर जागा मोकळी आहे, तिथे मऊ टॉवेलची घडी घाला.

बोर्डिंगला लवकर उभं राहणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त विमा. कप्पे भरले की 'गेटवर टॅग लावतो' असं सांगितलं जातं, आणि तिथून वाद्य कुणाच्या हातात जाईल ते आपल्या हातात नसतं. नाइलाजच झाला तर बेल आधी काढून जवळ ठेवा आणि फक्त अंगाची केस द्या. वाकलेली बेल सरळ करून घेणं निदान शक्य असतं. पण वाकलेला लीडपाइप (माउथपीस बसतो ती पहिली नळी) दुरुस्तीनंतरही पूर्वीसारखा फुंक घेईलच असं नाही, म्हणून केस देण्यापूर्वी लीडपाइपच्या बाजूला टॉवेल घाला. तेलाची बाटली शक्यतो नेऊच नका. पेट्रोलियमवर आधारित व्हॉल्व्ह ऑइल ज्वलनशील मानलं जातं आणि सुरक्षा तपासणीत ते काढून घेतलं तर वाद घालून उपयोग नाही. निघण्यापूर्वी वाद्याला नीट तेल द्या आणि पोहोचल्यावर तिथल्या वादकाकडून चार थेंब मागा. हॉर्नवाले यात कंजुषी करत नाहीत.

मुंबई-गोवा करणाऱ्यांसाठी रेल्वे जास्त सोयीची. स्लीपरच्या किंवा एसी थ्री टियरच्या वरच्या बर्थवर चपटी केस उशाशी ठेवता येते. सीटखाली ठेवू नका. तिथे सांडलेला चहा असतो, इतरांच्या ट्रंका असतात आणि रात्री चुकून लागणारे पायही.

आता मुंबईच्या हवेचा मुद्दा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तेव्हापासून या शहरात हॉर्नवाल्यांची सीझनच्या वेळची वर्दळ वाढली आहे. बाहेर घामटा आणि आत थंडगार, हे वाद्याला मानवत नाही. हवेच्या तापमानात १० अंशांचा फरक पडला तर वाऱ्याच्या वाद्याचा सूर हिशेबाने ३० सेंटच्या (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर) आसपास हलतो, गार असेल तर खाली. प्रत्यक्षात आपली फुंक नळी तापवते म्हणून फरक कमी पडतो, पण लांब विश्रांतीनंतर एकदम सोलो आला की तो नको तिथे ऐकू येतो. चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिम्फनीतल्या दुसऱ्या भागाचा सोलो वाजवणाऱ्याला हे समजावावं लागत नाही. विश्रांतीच्या मापांत माउथपीसला ओठ लावून, आवाज न करता गरम श्वास सोडत राहा. माउथपीस वेगळा काढून खिशात ठेवणंही कामी येतं.

सूर लावताना ५६७ वर क्रम पाळावा. मुख्य ट्यूनिंग स्लाइड (सूर लावायला आत-बाहेर सरकवायची नळी) दोन्ही बाजूंवर परिणाम करते, म्हणून तिला आधी हात घालायचा. मग दोन्ही बाजू जुळवायच्या. स्टाफवरच्या तिसऱ्या जागेतला सी स्वर (कानाला एफ) खटक्यांशिवाय घ्या, आणि अंगठा आलटून पालटून सोडा-दाबा. एफ बाजूला तो आठवा हार्मोनिक (नळीतून आपोआप निघणाऱ्या स्वरांपैकी आठवा), बी फ्लॅट बाजूला सहावा. दोन्हीतला फरक एफच्या स्लाइडने मिटवायचा. मग एकेक व्हॉल्व्हच्या स्लाइड. हे सगळं करताना उजवा हात बेलमध्ये वाजवताना असतो तसाच ठेवा. हात बाहेर ठेवून लावलेला सूर आत घातल्यावर उतरतो, आणि विद्यार्थी मग ट्यूनरला नावं ठेवतात.

रोटरची निगा हा कंटाळवाणा भाग आहे, पण सीझनमध्ये वाद्य बंद पडतं ते बहुतेक वेळा याच कारणाने. तेल तीन प्रकारचं आणि तीन जागी. रोटरच्या अंगाला पातळ तेल: स्लाइड काढायची, हॉर्न असा धरायचा की थेंब नळीच्या भिंतीला न लागता थेट रोटरवर पडेल, तीन-चार थेंब, मग खटका भराभर हलवायचा. भिंतीला लागलं तर स्लाइडचं ग्रीस विरघळून रोटरपर्यंत वाहतं आणि रोटर सुस्तावतो. लोक याला 'तेल कमी पडलं' समजून आणखी तेल ओततात, ग्रीस आणखी वाहतं. दुसरं, जाड बेअरिंग ऑइल: मागचं झाकण उघडून मधल्या ठिपक्यावर एक थेंब आणि पुढे आसाच्या मुळाशी एक थेंब. तिसरं खटक्यांच्या दांड्यांना, तेही एकेक थेंब. रोजच्या वापरात पहिलं दोन-तीन दिवसांतून एकदा, बाकीची दोन्ही दर आठवड्याला एकदा.

झाकण उघडल्यावर आत रोटरच्या टोकावर आणि पट्टीवर खुणा दिसतात. खटका सोडलेला असताना एक खूण जुळली पाहिजे, दाबलेला असताना दुसरी. जुळत नसतील तर आधार देणारं बूच झिजलं आहे किंवा दबलं आहे. सूर चिरका, फुंकेला अडथळा आणि कारण कळत नाही, अशा तक्रारींत आधी इथे पाहा. बूच ब्लेडने अगदी पातळ, कागदाएवढं छाटून जुळवता येतं. जास्त छाटलं तर नवीन लावावं लागतं. आजकाल निओप्रीनची बूचंही मिळतात, ती आर्द्रतेत फुगत नाहीत.

दोरी तुटते ती नेमकी तालमीला जायच्या वेळी. वेगळ्या पिशवीत सुमारे २० सेंटीमीटरचे चार तुकडे आणि छोटा स्क्रूड्रायव्हर कायम ठेवा. मासेमारीची विणलेली दोरी चालते, एकेरी नायलॉन मात्र ताणली जाते आणि खटका उंच-सखल होतो. दोरी एकेका खटक्याचीच सोडा म्हणजे शेजारचा नमुना समोर राहतो, शिवाय आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. टोकाला गाठ मारायची, खटक्याच्या दांडीच्या जवळच्या भोकातून ओवायची आणि रोटरच्या आसाभोवती एका बाजूने नेऊन स्टॉप आर्मच्या (रोटरच्या टोकाच्या छोट्या दांडीच्या) स्क्रूला वळसा द्यायचा. मग उलट बाजूने परत आणून दांडीच्या टोकाच्या स्क्रूखाली दाबायची. आकडा इंग्रजी आठाचा दिसला पाहिजे. स्टॉप आर्मचा स्क्रू शेवटी आवळायचा, तिन्ही खटक्यांची उंची नखाने सारखी करून. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, सवय झाल्यावर पाच मिनिटं.

दुरुस्तीबद्दल एक सावधगिरीचा शब्द. बँडच्या वाद्यांचे कारागीर आपल्याकडे सगळीकडे आहेत, आणि मेरठच्या जलीकोठीत तर तो अख्खा धंदाच आहे. पोचा काढणं, निखळलेला डाग पुन्हा झाळणं ही कामं त्यांच्याकडून चांगली होतात. पण त्यांची सवय पिस्टनची. या हॉर्नचे रोटर निमुळते असतात, ते आतून घासून 'मोकळे' केले की हवा गळते आणि ते पुन्हा भरता येत नाही. रोटर अडकला की आधी स्वच्छता, मग तेल, मग जाणकार. घासपेपर कधीच नाही. बेल चकाकवायला बफिंग व्हीलवर देऊ नका. पितळ पातळ होतं आणि आवाजाचा गाभाच जातो. लीडपाइपवर गुलाबी ठिपके दिसू लागले तर ते आतून जस्त निघून जात असल्याचं लक्षण आहे. वरून पॉलिश करून झाकलं जातं, थांबत नाही. महिन्यातून एकदा लीडपाइपमधून पुल-थ्रू फडकं ओढणं आणि खाल्ल्याबरोबर न वाजवणं, हे दोन उपाय.

हॉटेलच्या खोलीतला सराव. यामाहाचं सायलेंट ब्रास हॉर्नसाठी एसबी३एक्स या नावाने मिळतं: आत माइक असलेला म्यूट आणि कमरेला लावायचं छोटं यंत्र. हेडफोनमध्ये हॉलसारखा आवाज येतो, शेजारच्या खोलीत मात्र कुजबुज. सीझनमध्ये रात्री अकरा वाजता ओठ सैल ठेवायला हे उपयोगी आहे, पण त्यावरचा सराव अर्ध्या तासापुरताच ठेवावा. म्यूट लावला की फुंकेला उलटा दाब येतो. जास्त वेळ वाजवल्यास सवय बिघडते आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या हॉर्नवर स्वर ओसंडून वाहतो. खालच्या सप्तकात स्वर डळमळतो, तिथे लांब स्वर लावायचा हट्ट धरू नये. आणखी एक, चपट्या केसमध्ये बेलच्या आत म्यूट बसत नाही. पिशवी वेगळीच घ्यावी लागते.

शिकवणीच्या दिवशी या हॉर्नची खरी कसोटी लागते. विद्यार्थ्याकडे बहुतेक वेळा एकेरी हॉर्न असतो, उदाहरणार्थ यामाहाचा एफ हॉर्न ३१४. डबल हॉर्नवर दाखवताना बी फ्लॅटची सवयीची बोटं सुटतात आणि समोरचं पोर गोंधळतं. म्हणून अंगठा सोडून एफ बाजूवरच दाखवावं. हात पूर्ण बंद करून वाजवलेला स्वर अर्धा स्वर चढतो आणि त्यासाठी एफ बाजूची बोटं अर्धा स्वर खालची घ्यावी लागतात, हे बी फ्लॅट बाजूवर नीट जुळत नाही. स्टॉप म्यूट लावला तरी गणित तेच. ५६७ वर वेगळा स्टॉप व्हॉल्व्ह (असा चढलेला स्वर सावरणारा) नाही, आणि शिकवण्याच्या दृष्टीने ते बरंच आहे, कारण मुलं ही गोष्ट हाताने शिकतात. माउथपीस प्रत्येकाचा स्वतःचा, अदलाबदल नाही. अडकलेला माउथपीस पक्कडीने ओढायचा नाही, लीडपाइप पिळला जातो. तो काढायचा पुलर शाळेच्या कपाटात एक असला तरी पुरतो.

मग आवाज? नेटका, सावरणारा, चुका कमी करू देणारा. वरच्या सप्तकात नेम चांगला लागतो आणि दिवसाची तिसरी तालीम असताना ही गोष्ट सोन्यासारखी वाटते. कॉन ८डीचा जर्मन सिल्व्हरचा रुंद, भारदस्त पसारा याच्याकडे नाही. अलेक्झांडर १०३ मधली १९०९ पासून चालत आलेली ती कडवट-गोड धारही नाही. अख्खा सेक्शन अमेरिकन पद्धतीने रुंद वाजत असेल तर हा त्यात थोडा सडपातळ ऐकू येतो. पण आठवड्यात तीन शहरं, दोन प्रोग्राम आणि दहा विद्यार्थी असा ज्यांचा हिशेब आहे, त्यांना आवाजाच्या त्या शेवटच्या पाच टक्क्यांपेक्षा वाद्य धड पोहोचणं जास्त मोलाचं असतं.

पहिल्या खुर्चीवर कायम एकाच हॉलमध्ये वाजवणाऱ्याने 'डी' घ्यायची गरज नाही. सलग बेलचा ५६७ घ्यावा, आट्यांची कटकट नको. शाळेसाठी घेताना सुटी बेल टाळावीच. बारा वर्षांच्या मुलांच्या हातात ते कडं वर्षभरही गोल राहणार नाही. सेकंडहँड घेत असाल तर दुकानदारासमोर बेल तीनदा काढून लावून पाहा आणि चारही झाकणं उघडून खुणा तपासा. खटका न दाबता त्याची स्लाइड बाहेर ओढा आणि मग खटका दाबल्यावर 'पॉप' असा आवाज येतो का हेही ऐका. आवाज आला नाही तर एक तर स्लाइड गळते आहे, नाहीतर रोटर.